करवंदमाळाच्या छत्तीस डब्या

छत्तीस रिकाम्या डब्या पिशवीत खुळखुळत होत्या आणि करवंदमाळाची चढण चढताना हर्षदाला एकच घोर लागला होता. हे सगळं तोंडाने सांगायचं कसं?

हर्षदा भाजे गावची आशाताई. म्हणजे गावात बाळंतपणापासून डेंग्यूपर्यंत काहीही झालं की जिला हाका मारतात, आणि काहीच झालं नाही की जिला फॉर्म भरायला बसवतात, ती बाई. करवंदमाळ ही डोंगरावरची सत्तावीस घरांची वस्तीही तिच्याकडेच. पाऊण तासाची चढण, वर भातखाचरं, आणि त्याच्याही वर येसूबाई. येसूबाई सरपंच नव्हती, सदस्य नव्हती, कुणीच नव्हती. पण तिने ‘न्हाई’ म्हटलं की वस्तीतली कोंबडीसुद्धा आरवायची थांबायची.

आणि येसूबाईने जंतांच्या गोळीला ‘न्हाई’ म्हटलं होतं.

त्याला कारण होतं, उगाच नाही. तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका पोराला अंगणवाडीत जंताची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी पोराच्या चुलत बहिणीचा मळवलीला साखरपुडा. गोळीने आपलं काम चोख केलं, फक्त वेळ चुकली. ऐन मांडवामागे, नवरदेवाच्या मामासमोर, त्या पोराच्या पोटातून हातभर लांबीचा पाहुणा बाहेर पडला. मामा किंचाळले, सोयरीक मोडता मोडता राहिली, आणि खालच्या गावांत करवंदमाळाला ‘जंतवाडी’ म्हणायला लागले. बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी लोक तोंडाला पदर लावून हसायचे. तेव्हापासून येसूबाईचा हुकूम होता, गोळी गालात धरायची, ताईसमोर पाणी प्यायचं, आणि मागे जाऊन थुंकायचं. अंगणवाडीमागच्या कर्दळीला आता जन्मात जंत व्हायचे नाहीत, एवढं मात्र नक्की.

हर्षदाला हे सगळं ठाऊक होतं. हसण्यावारी नेताही आलं असतं, पण चंपा होती ना.

चंपा म्हणजे येसूबाईची नात. सहा वर्षांची, काडीसारखी, ओठ पांढरेफटक. ही पोरगी भिंत खायची. येसूबाईच्या दाराच्या चौकटीशेजारी मातीच्या भिंतीला मनगट जाईल एवढा खळगा पडला होता, तो चंपाच्या बोटांनी. येसूबाई दर शनिवारी शेण-माती कालवून तो लिंपायची आणि सोमवारपर्यंत पोरीने तो पुन्हा खरवडलेला असायचा. मागच्या पावसाळ्यात हर्षदाने हट्टाने तिचं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, रक्त कमी म्हणूनच पोरगी माती खाते, आधी पोटातले जंत मारा, मग रक्ताचं औषध लागू पडेल. येसूबाईने पोरीला उचललं आणि तडक घरी आणलं.

“माज्या नातीला जंत हाईत, असं कागदावर लिवून घेनार न्हाई मी,” ती म्हणाली होती. “उद्या हिचंबी लगीन करायचंय.”

म्हणूनच ही पाहणी आली तेव्हा हर्षदाला देव पावल्यासारखं झालं. पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजचे राजेंद्र डॉक्टर वस्त्यावस्त्यांतून जंतांची मोजणी करत होते. ज्या वस्तीत जास्त लोकांच्या पोटात जंत सापडतील, तिथे घरोघरी जाऊन, तान्ही पोरं सोडून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकाच दिवशी औषध. वर्षातून दोनदा. शिवाय पाण्याची टाकी आणि संडास. कुणाचं नाव वेगळं निघणार नाही, कुणाच्या नातीला बोट लागणार नाही. चंपाच्या पोटात औषध जायचा दुसरा रस्ताच उरला नव्हता.

त्यासाठी फक्त छत्तीस जणांचे नमुने हवे होते.

“कशाचे नमुने?” येसूबाईने अंगणात सगळ्यांदेखत विचारलं.

“सकाळचे,” हर्षदा म्हणाली.

“सकाळचे म्हंजी?”

“म्हणजे सकाळी आपण... जाऊन येतो ना मावशी. माळावर.”

“अगं मग सरळ हागनं म्हन की! नर्सबाईचं शिक्षान घेतलंस आन लाजतीस काय?”

सगळं अंगण हसलं. हर्षदा लाल झाली. प्रत्येक डबीवर नाव लिहिलंय, ज्याची त्याने भरायची, बोराएवढा पुरे, असं तिने तीन-तीनदा सांगितलं. येसूबाईने एक डबी उचलून उन्हाकडे धरली, झाकण फिरवून बघितलं.

“हे पुण्याला जानार? डाक्टर भिंगातनं बघनार?”

“हो.”

“मग आमची नावं तितं वाचनार?”

“नावं गुप्त राहतात, मावशी.”

“हां,” येसूबाई म्हणाली. ते ‘हां’ हर्षदाने जरा नीट ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ती वर आली तर काय! येसूबाईच्या ओट्यावर सूप मांडलेलं, वर धुतलेलं फडकं, आणि फडक्याखाली छत्तीसच्या छत्तीस डब्या ओळीने भरून तयार. झाकणं घट्ट, बाहेरून पुसून लख्ख. हर्षदाचे डोळेच भरून आले. शेजारच्या वाडीत तिला पंचवीसपैकी नऊ डब्या मिळाल्या होत्या. त्यातल्या दोन रिकाम्या आणि एकीत आंब्याचं लोणचं. आणि इथे छत्तीस! तिने आनंदाच्या भरात ‘ज्याचा नमुना त्याच्याकडूनच घेतल्याची खात्री केली आहे’ या ओळीखाली झोकात सही ठोकली. बर्फाचा डबा खांद्याला लावून उतरली. घरी सासूबाईंनी त्या डब्यात काय आहे ते विचारलं, आणि ऐकल्यावर फ्रिजसमोर पाट टाकून बसल्या. “आत दही हाय. हितनं हलनार न्हाई मी,” म्हणाल्या. शेवटी हर्षदाच्या नवऱ्याने डबा तळेगावच्या गाडीपर्यंत पोचवला तेव्हा कुठे त्या उठल्या.

पुढच्याच मंगळवारी राजेंद्र डॉक्टरांचा फोन आला.

“हर्षदाताई, अभिनंदन! छत्तीसपैकी एकाही नमुन्यात जंताचं अंडं नाही. अख्ख्या मावळात असा निकाल आला नाही!”

हर्षदा अंगणात कपडे वाळत घालत होती. हातातलं धुणं तसंच बादलीत पडलं.

“एकाही... नाही?”

“नाही! आणि आहार बघा ना! सगळ्या नमुन्यांत मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची. त्या दिवशी वस्तीत काही जेवणावळ होती का?”

“असेल,” हर्षदा म्हणाली.

“सोमवारी आम्ही सगळे येतोय. कृमीमुक्त आदर्श वस्ती म्हणून सत्कार करणार. मात्र औषधाच्या यादीतून तुमची वस्ती आता वगळली हं. गरजच नाही ना!”

करवंदमाळावर ढोबळी मिरची? तिथे भाजी म्हणजे कुर्डू, शेवगा नाहीतर सुका बोंबील. ढोबळी मिरची आणि मका एकत्र खाणारा माणूस अख्ख्या वस्तीत एकच होता, आणि कसा खाल्ला ते तो येईल-जाईल त्याला सांगत असायचा. बुधाआबा. तुंगार्लीच्या एका बंगल्यावर राखणीला असलेले. शनिवार-रविवारी पाहुणे यायचे, त्यांचा उरलेला पिझा सोमवारी आबांच्या पोटात, आणि सोमवारी संध्याकाळी आबा सुट्टीला घरी.

हर्षदा चढण अशी चढली की पाऊण तासाची वाट पंचवीस मिनिटांत संपली.

बुधाआबा ओट्यावर बसून चपला पुसत होते. साठीचा ताठ गडी, गाल टमाट्यासारखे. हर्षदा समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली तशी त्यांनी मान खाली घातली.

“आबा, किती डब्या भरल्यात?”

“आता म्हंजी... तू बोराएवडा म्हनलीस...”

“किती?”

“समद्या,” आबा पुटपुटले. “दोन वेळा बसाय लागलं. पार दमलो.”

तेवढ्यात येसूबाई आलीच. तिला कसलाही संकोच नव्हता. उलट हर्षदालाच अक्कल शिकवायला लागली. तांदळाचा व्यापारी दरवर्षी इंद्रायणीचा नमुना मागतो, तेव्हा अख्ख्या वस्तीचा नमुना बुधाच्या खाचरातला जातो की नाही? पाटाच्या तोंडाचं खाचर, दाणा टपोरा, वास घमघमीत. पिढ्यान्पिढ्या असंच चाललंय. गावदेवाचा निवद त्याच्याच तांदळाचा. वस्तीबाहेर काय पाठवायचं ते वस्तीतलं सगळ्यात चांगलं पाठवायचं, ही रीत. मग पुण्याच्या डॉक्टरला भिंगातून बघायला कुणाकुणाचं काय वाटेल ते पाठवायचं होतं का?

“बुधाचं पोट वस्तीत समद्यात चांगलं,” येसूबाई म्हणाली. “कदी ढेकर न्हाई, कदी मुरडा न्हाई. देवाची देनगी हाय ती.”

आबा खाकरले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण येसूबाईने बघितल्यावर ते पुन्हा चपलेकडे वळले.

“मावशी, अहो तांदूळ विकायचा असतो!” हर्षदा ओरडलीच. “हे काय विकायचं होतं का? खरं कळलं असतं तर औषध आलं असतं. आता सोमवारी तुमचा सत्कार, आणि औषधाच्या यादीतून तुमच्या वस्तीचं नावच कापलं. चंपाला आता काय देऊ मी?”

चंपा दाराशीच होती. बोट खळग्यात होतं. येसूबाईने तिचा हात ओढून बाजूला केला आणि पदराने तिचं तोंड पुसलं.

“नात माजी हाय,” ती म्हणाली. “मला कळतंय. पन सोमवारी समद्या गावासमोर आमाला पुन्यांदा जंतवाडी म्हनवून घेऊ व्हय? तूच सांग.”

खरं सांगायचं तर हर्षदाचाही पाय अडकला होता. सही कुणाची होती? खरं सांगितलं की पहिलं काम तिचं जाणार. चार दिवस तिने राजेंद्र डॉक्टरांचा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. पाचव्यांदा लागला, तर “सर, खुर्च्या किती मांडायच्या?” असं विचारून मोकळी झाली, आणि नंतर चुलीपुढे बसून स्वतःलाच भरपूर शिव्या घातल्या. आपण भित्रे आहोत हे माणसाला कळतं तेव्हा फार वाईट वाटतं. तिला तसंच वाटलं.

सोमवार उजाडला. देवळापुढे मांडव पडला, फलक लागला, भोंगा बसला. पुण्याहून दोन गाड्या भरून माणसं आली. खालच्या गावांतले लोक तर मुद्दाम आले होते, जंतवाडीला बक्षीस कसलं ते बघायला. येसूबाई इरकली लुगडं नेसून पहिल्या रांगेत. बुधाआबांना वस्तीतले ज्येष्ठ म्हणून स्टेजवर बसवलेलं, पांढरी टोपी, आणि कपाळावर नुसता घाम.

हल्ली सत्काराला हार देत नाहीत, रोपटं देतात. राजेंद्र डॉक्टरांना द्यायला कुंडीतलं तुळशीचं रोप आणलं होतं. कुणीतरी म्हणालं, लहान मुलीच्या हातून देऊ. आणि येसूबाईनेच चंपाला पुढे केलं. नवा झगा घातलेला, दोन वेण्या, लाल फिती.

नाव पुकारलं. चंपा कुंडी छातीशी धरून निघाली. मांडवाच्या या टोकापासून स्टेजपर्यंत वीसएक पावलं. पाचव्या पावलाला तिने कुंडीत वाकून बघितलं. नर्सरीतली माती, काळी, भुसभुशीत, नुकतं पाणी शिंपडलेली. आठव्या पावलाला ती थांबली. आणि सगळ्या मांडवादेखत, कॅमेऱ्यादेखत, तिने बोटं खुपसून मूठभर माती काढली आणि तोंडात घातली.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. चंपा माती चावत तशीच चालत आली, डॉक्टरांसमोर कुंडी धरली आणि काळ्या दातांनी गोड हसली.

राजेंद्र डॉक्टरांनी कुंडी घेतली नाही. ते गुडघ्यांवर बसले, पोरीच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने हळूच ओढली. आत पांढरं.

“ही याच वस्तीतली?” त्यांनी विचारलं. “हिचा नमुना आला होता?”

“आलता,” आबा एकदम म्हणाले. माईक त्यांच्या पुढ्यातच होता, भोंग्यातून ते ‘आलता’ सगळ्या डोंगरभर गेलं. आबा दचकले, पण आता सुटले होते. “तिच्या डबीत आलता, पन तिचा नव्हता. माजा व्हता. समदे माजेच व्हते, सायेब.”

खालच्या गावातले लोक माना उंचावून बघायला लागले.

“आन येसूवैनी म्हनत्यात देवाची देनगी, तेबी खोटं हाय,” आबांनी टोपी काढून तोंड पुसलं. “बंगल्यावर ब्रुनो म्हनून कुत्रा हाय. मॅडम त्याला दर तीन म्हैन्याला जंताची गोळी देत्यात. आन म्हनत्यात, कुत्र्याला हात लावनाऱ्यांनीबी त्याच दिवशी घ्यायची. त्याची निराळी, आपली निराळी. पाच वर्सं झाली. गोळी गालात धरली तर मॅडम तोंड उघडून बघत्यात. बुटाबिगर बागेत पाय टाकू देत न्हाईत, साबनाबिगर जेवू देत न्हाईत. म्हनून माजं पोट साफ. तवा सायेब, हे बक्षीस त्या ब्रुनोला द्या. आमच्या पोरांला गोळी द्या.”

आता मात्र मांडव फुटला. खालच्या गावातले लोक मांड्यांवर थापा मारून हसायला लागले. राजेंद्र डॉक्टरांनी आधी बक्षिसाच्या फ्रेमकडे बघितलं, मग हर्षदाकडे.

“हर्षदाताई, खात्री केल्याची सही तुमची आहे.”

“माझीच आहे, सर,” हर्षदा उभी राहिली. बोलून टाकल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. “चुकलं माझं. मला आठवडाभर माहीत होतं.”

“ती खाली बसंल,” पहिल्या रांगेतून आवाज आला.

येसूबाई. लुगड्याचा काष्टा सावरत ती स्टेजवर चढली, माईक आबांच्या पुढ्यातून स्वतःकडे ओढला आणि खालच्या गावातल्या लोकांकडे असं बघितलं की पहिल्या तीन रांगांचं हसू घशातच राहिलं.

“डब्या म्या भरून घेतल्या. या पोरीचा काय दोस न्हाई,” ती म्हणाली. “हसा. मला लाज वाटत हुती तुमची. म्हनून माजी नात भिंत खात हुती आन मी भिंत लिंपत बसले.” तिने पदर खोचला. “हाईत आमाला जंत. मला सोताला असत्याल. आन हसनाऱ्यांनी आपापल्या डब्या द्याव्या की डाक्टरला. बघू कुनाच्या पोटात काय हाय ते.”

हसणारे एकदम घड्याळं बघायला लागले.

डॉक्टरांनी फ्रेम कागदात गुंडाळून गाडीत ठेवली, आणि त्याच गाडीतून छत्तीस नव्या डब्या काढल्या. हर्षदाला त्यांनी बाजूला घेऊन चांगलं खडसावलं. मग म्हणाले, “या वेळी प्रत्येक दारात उभ्या राहा. स्वतः.” म्हणजे काम गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक दारात उभी राहिली. पहिली डबी येसूबाईची, फडक्यात गुंडाळलेली. “ही माजी हाय,” ती म्हणाली. “चांगली न्हाई. पन माजी हाय.”

निकाल आला. छत्तीसपैकी एकोणतीस.

“आन बुधाचा?” येसूबाईने विचारलं.

“स्वच्छ.”

“मेला,” येसूबाई म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी मनापासून हसली.

औषध आलं. घरोघरी, एकाच दिवशी. येसूबाई काठी घेऊन हर्षदाबरोबर सत्तावीस घरं फिरली आणि प्रत्येकाला तोंड उघडायला लावून जिभेखाली, गालात बघितलं. बंगल्यावरची मॅडमसुद्धा एवढं बघत नसेल. आबांनी तुंगार्लीहून पाहुण्यांनी टाकलेल्या रबरी चपलांचं पोतं आणलं. त्यात एकाच पायाच्या अकरा निघाल्या, तरी पोरांनी घातल्या.

हर्षदा रक्ताचं औषध घेऊन दर आठवड्याला येत राहिली. चौथ्या महिन्यात ती चढून आली तेव्हा येसूबाई ओट्यावर बसून कुरकुरत होती.

“काय औषद दिलंस गं या कार्टीला? सकाळी दोन भाकरी खाल्ल्यान. आता परत मागतीया. चुलीवरनं उठू देत न्हाई मला.”

चंपा परड्यात कोंबडीच्या मागे धावत होती. एका पायात निळी चप्पल, एका पायात लाल. धावताना दम लागत नव्हता.

हर्षदाची नजर चौकटीकडे गेली. खळगा लिंपलेला होता. तिने जवळ जाऊन हात लावला. लिंपण वाळून टणक झालं होतं, नखाचा ओरखडासुद्धा नव्हता.

“कधी लिंपलंत, मावशी?”

येसूबाई भाकरीचं पीठ मळायला उठली होती. ती थांबली, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेली.

“लय शनवार झालं,” आतून आवाज आला.